जिन्यावरून उतरणारा ओढा

मला ती खोली पांझरा नदीमुळे मिळाली.

आयर्लंडला येऊन मला दोन महिने झाले होते. डब्लिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी होती, पगार वेळेवर होत होता, पण राहायला जागा नव्हती आणि मी एका मैत्रिणीच्या सोफ्यावर पाय दुमडून झोपत होते. डब्लिनजवळच्या मेनूथ गावातल्या एका खोलीची जाहिरात दिसली म्हणून धावत गेले, तर त्या घरापुढे सतरा माणसं छत्र्या धरून रांगेत उभी. प्रत्येक जण आत जायचा आणि मिनिटभरात गोंधळलेला चेहरा घेऊन बाहेर यायचा. माझ्या पुढचा फ्रेंच विद्यार्थी तर बाहेर येऊन मला म्हणाला, "पगार विचारत नाही, काही नाही. वेगळंच काहीतरी विचारते."

मी पगाराच्या पावत्या, ऑफिसचं पत्र, जुन्या घरमालकाचं शिफारसपत्र असा सगळा गठ्ठा छातीशी धरून आत गेले. स्वयंपाकघरात सत्तरीच्या पुढची एक उंच, काटकुळी बाई बसली होती. अंगात पुरुषी स्वेटर, एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर. तिने गठ्ठ्याकडे पाहिलंही नाही.

"तुझ्या गावाला पाणी कुठून येतं?"

"कुठलं पाणी? प्यायचं?"

"शेतीचं."

मी साक्री तालुक्यातली. म्हटलं, "नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो. प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पाटकरी पाणी सोडतो."

"पाटकरी म्हणजे कोण?"

"आमच्याकडे माझे वडीलच. तीस वर्षं झाली."

बाई उठल्या, दार उघडलं आणि बाहेरच्या रांगेला म्हणाल्या, "खोली गेली. सगळे घरी जा. ग्रँड." तिकडे 'झालं, ठीक' याला ग्रँड म्हणतात.

तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारायचे, तिकडची रीतच तशी. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून 'बाई'च होत्या.

बाईंनी डब्लिनच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. पण त्यांच्या भूगोलात एकच गोष्ट होती. अमेरिकेच्या पश्चिमेला एका वाळवंटी डोंगरातून निघणारा, जेमतेम अकरा मैल वाहणारा आणि कुठल्याही नदीला किंवा समुद्राला न मिळता वाळूत जिरून जाणारा एक क्रीक. विशीत असताना त्या तिथे सहा आठवड्यांसाठी गेल्या आणि नऊ वर्षं राहिल्या. आई आजारी पडली म्हणून परत आल्या, नोकरी धरली, आणि त्यानंतर दर उन्हाळ्याची सुट्टी त्या क्रीकच्या काठी तंबूत काढली.

पहिले पंधरा दिवस माझी समजूत अशी की बाई समुद्राबद्दल बोलतायत. शाळेत 'क्रीक म्हणजे खाडी' हे मी इतकं घट्ट पाठ केलेलं की दुसरा अर्थ असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. वाळवंटात खाडी कशी, हे कळेना. पण नवीन जागा, नवीन घरमालकीण, वाद कशाला घाला? एकदा जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्या क्रीकला भरती कधी येते?"

बाईंनी काटा खाली ठेवला, विचार केला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "मे महिन्यात."

डोंगरावरचा बर्फ मे महिन्यात वितळतो, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी वर्षातून एकदाच भरती येणारी खाडी मनाशी धरून झोपायला गेले.

तो ओढा आहे हे मला जिन्याने शिकवलं. बाईंनी त्या ओढ्याचा नकाशा वॉलपेपरच्या उलट्या बाजूवर काढला होता आणि तो जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चिकटवला होता. ओढा डोंगरावरून उतरतो, मग नकाशाही उतरलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पायरीला किती उंची धरायची ते त्यांनी हिशेबाने ठरवलं होतं. चौदाव्या पायरीशी, बाथरूमच्या दाराजवळ, शिखरावरचा बर्फ. तिथून खाली अरुंद घळ. जिन्याच्या वळणाखाली घळ संपून दगडगोटे पंख्यासारखे पसरलेले. आणखी खाली विलोची झाडं, एका गुराख्याचं कुंपण, उजाड झालेली सफरचंदाची बाग. पहिल्या पायरीपाशी निळी रेघ बारीक होत तुटक व्हायची, आणि पायपुसण्याजवळ बाईंनी नुसते ठिपके काढले होते. तिथे पाणी वाळूत जायचं.

पाणी कोणी कोणी वापरलं तेही सगळं तिथे होतं, प्रत्येकाचा रंग वेगळा. तिथल्या मूळ लोकांचे पाट हिरवे, सोनं शोधायला आलेल्या खाणवाल्यांचे लाल, गुराख्यांचे तपकिरी. त्यामुळे घरातल्या बोलण्याचा पत्ताच बदलला होता. "तुझं पार्सल खाणवाल्यांच्या पाटाशी ठेवलंय," असं बाई खालून ओरडायच्या. पाहुणे आले की "कोट बागेच्या वर टांगा." एकदा माझी आई फोनवर म्हणाली, "तुझा आवाज घुमतोय, कुठे आहेस?" मी नकळत म्हणाले, "घळीत."

पाण्याच्या बाबतीत बाई कमालीच्या चिकट होत्या. आंघोळीला एक बादली. भांडी धुतलेलं पाणी कुंड्यांना. बाहेर आठवड्यातले सहा दिवस पाऊस, अंगणात गुडघाभर गवत, आणि आत मी बादलीत तांब्या बुडवतेय! साक्रीहून निघून इतक्या लांब आले ती बादली सुटावी म्हणून, तर बादली आधीच येऊन बसलेली. एकदा धीर करून मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. म्हटलं, "बाहेर एवढं पाणी पडतंय की."

"ते पाणी नाही," बाई म्हणाल्या. "ते हवामान आहे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचे वडील मेयो परगण्यात दलदलीच्या जमिनीवर राहत. हयातभर त्यांनी जमिनीतून पाणी बाहेर काढायला चर खणले. लहानपणी बाईंना वाटायचं की पाणी ही काढून टाकायची गोष्ट आहे. मग त्या वाळवंटात गेल्या आणि एक म्हातारी बाई काठीने माती उकरून पाण्याला वाट करून देताना त्यांनी पाहिली. पाणी पुढे सरकायला लागलं तशी ती त्याच्याशी बोलत होती. बाई सांगायच्या, "मी तिथेच बसले. सहा आठवड्यांचं तिकीट फुकट गेलं."

शाळेत याचे व्हायचे ते परिणाम झालेच. एका मुलीने परीक्षेत लिहिलं होतं, 'लिफी नदी डब्लिनमधून वाहते आणि शेवटी वाळूत जिरते.' मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. बाईंनी पेपर पाहिला आणि म्हणाल्या, "पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. मी अर्धे गुण दिलेत."

त्यांचा विद्यार्थ्यांसाठी एकच नियम होता आणि तो स्वयंपाकघरातल्या फळ्यावर कायम खडूने लिहिलेला असे: जिथे चालला नाहीत ते काढू नका. माझ्यासमोर त्यांनी हा नियम शेजाऱ्याला, टपालवाल्याला आणि एकदा गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसाला ऐकवला होता.

मी तिथे राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, त्यांना एक पत्र आलं. ओढ्याकाठी मूळ लोकांची चाळीसेक घरांची वस्ती आहे. ते लोक दरवर्षी आपल्यातलं एक माणूस पाणी सोडायला निवडतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले होते, "म्हणजे पाटकरीच की!" त्यावर बाईंनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावून वहीत लिहून घेतला होता. पत्र त्या वर्षी निवडलेल्या स्त्रीचं होतं. एक कंपनी डोंगरात पाइप घालून ओढ्याचं पाणी उचलणार होती. सुनावणी जुलैमध्ये होती. वस्तीचं म्हणणं होतं की आमचा जुना पाट ओढ्याच्या मुख्य पाण्यावर चालायचा, हक्क आमचा पहिला. कंपनीचं म्हणणं होतं की नाही, तुमचा पाट खाली निघायचा, जिथे एक छोटा झरा येऊन मिळतो तिथून. तुम्ही झऱ्याचं पाणी घेत होता. वरच्या बर्फाच्या पाण्याला तुम्ही कधी हात लावला नव्हता.

आणि पुरावा म्हणून कंपनीने दाखल केला होता बाईंचा नकाशा. तिथल्या लहानशा संग्रहालयाने कधीकाळी तो छापला होता. ओढ्याचा दुसरा नकाशाच नव्हता.

पत्राच्या शेवटी एवढंच होतं: 'आमची म्हातारी माणसं सांगत की पाटाचं तोंड बरंच वर होतं. तुम्ही सगळं चालून काढलंय. तुम्हाला खात्री आहे का?'

बाईंनी त्याच दिवशी उत्तर धाडलं. मला वाचूनही दाखवलं. वाईट वाटतं, पण पाट सहाव्या पायरीपाशीच निघतो, म्हणजे त्यांनी फूट लिहिले होते, मी मनात पायऱ्या मोजल्या. खात्री आहे.

दोन दिवस त्यांनी जेवण मात्र धड केलं नाही.

मे महिन्यात माझे वडील आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. आई वहिनीच्या बाळंतपणात अडकली होती, म्हणून नाना एकटेच आले, स्वेटरवर स्वेटर घालून. नानांना इंग्रजी येत नाही आणि प्रमाण मराठीही ते फक्त तहसील कचेरीत बोलतात. घरात अहिराणी. बाईंना अहिराणी सोडाच, 'नमस्ते'सुद्धा धड म्हणता येत नव्हतं. मी ऑफिसला गेल्यावर हे दोघं दिवसभर काय करणार, या काळजीने पहिल्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर नाना पाचव्या पायरीवर बसलेले आणि बाई सातव्या. दोघांच्या हातात चहाचे कप. नाना भिंतीवरच्या एका लाल रेघेकडे बोट दाखवून अहिराणीत काहीतरी विचारत होते आणि बाई इंग्रजीत त्याचं उत्तर देत होत्या. उत्तर बरोबरही होतं.

"तुम्हाला काय कळतंय त्यांचं?" मी बाईंना विचारलं.

"तो विचारतोय, खाणवाल्यांनी पाणी तोडलं तेव्हा खालच्यांनी काय केलं. दुसरं काय विचारणार?"

मी नानांना विचारलं. ते तेच विचारत होते.

त्या रात्री नाना मला म्हणाले, "बाई येडी शे. पन पानीना मानूस शे." नानांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी कुणाची ऐकलेली नाही. आमच्या आमदारालाही त्यांनी निम्मंच म्हटलं होतं, पहिलं निम्मं.

दहा-बारा दिवस फार छान गेले. नानांना बादलीची आंघोळ असल्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटतच नव्हतं. गोंधळ उडाला तो एकदाच. बाईंनी चिठ्ठी ठेवली, 'टॉवेल प्रेसमध्ये आहेत.' तिकडे प्रेस म्हणजे कपाट. मी वाचून दाखवलं आणि नाना म्हणाले, टॉवेलला कशाला इस्त्री?

मग एक दिवस नाना जिन्याच्या वळणावर बराच वेळ उभे राहिले. त्या भिंतीवर वस्तीच्या जुन्या शेतांचे हिरवे चौकोन होते. पाटाचं तोंड खाली, सहाव्या पायरीच्या भिंतीवर. तिथून हिरवी रेघ कोपऱ्याला वळसा घालून शेतांकडे जायची. मधे कोपरा असल्यामुळे तोंड आणि शेतं एका नजरेत दिसत नसत. नाना कोपऱ्याच्या या बाजूला डोकं काढून बघत, मग त्या बाजूला.

"काय झालं, नाना?"

"हाऊ पाट चालस कसा?" ते म्हणाले. हा पाट चालतो कसा? "पानी कधी चढाव चढस का?"

मी म्हटलं, नाना, नकाशा आहे तो, इकडेतिकडे होतं थोडं. पण तीस वर्षं पाट राखलेल्या माणसाला 'थोडं' हा शब्द पाण्याच्या बाबतीत मान्य नसतो. बाई बाजारात गेल्या होत्या. नानांनी स्वयंपाकघर धुंडाळलं. बाई घरी एल्डरबेरीची वाइन करायच्या, तिची पारदर्शक रबरी नळी त्यांना सापडली. तीत पाणी भरून नानांनी पाणसळ तयार केली. एक टोक माझ्या हातात देऊन मला सहाव्या पायरीशी उभं केलं, दुसरं टोक घेऊन स्वतः कोपऱ्यापलीकडे शेतांपाशी गेले. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं, गवंडी असंच मोजतात. माझ्याकडचं पाणी पाटाच्या तोंडाशी बरोबर लावलं, तर नानांकडचं शेतांच्या चार बोटं खाली!

"वर धर," नाना ओरडले. "आजून वर."

आणि नेमकं तेव्हा दार उघडून बाई आत आल्या. त्यांना पाहून माझा हात हलला आणि नळीतलं पाणी फस्सकन सफरचंदाच्या बागेवर उडालं.

मी आयुष्यात ज्या गोष्टींचं भाषांतर केलंय त्यात हे सगळ्यात अवघड होतं. एकीकडे बागेचा हिरवा रंग ओघळतोय, बाई कोबी छातीशी धरून उभ्या, आणि नाना शांतपणे सांगतायत की बाईले सांग, हा पाट इथून निघूच शकत नाही. इथून निघाला तर शेतात पाणी जाणार नाही. याचं तोंड आठव्या पायरीशी असलं पाहिजे, वळणाच्या वर.

मी शक्य तेवढं मऊ करून सांगितलं. बाईंना मऊ केलेलं आवडत नसे.

"तो काय म्हणाला ते सांग. तू काय म्हणतेस ते नको."

"नकाशा चुकलाय म्हणाले."

बाईंनी कोबी तिसऱ्या पायरीवर ठेवला. "त्या गृहस्थाला सांग, मी तिथे नऊ वर्षं राहिले. तो दोन आठवडे माझ्या जिन्यावर राहिलाय."

मी सांगितलं. नाना म्हणाले, "तिचं बरोबर आहे. पण पाण्याला ते माहीत नाही ना."

हे मी भाषांतर केलं नाही. पण बाईंना कळलं असावं.

पुढचे दोन दिवस घरात अबोला. बाई माझ्याशी चिठ्ठ्यांमधून बोलायला लागल्या आणि चिठ्ठ्याही त्यांनी नकाशापासून दूर, फ्रिजवर लावल्या. नानांना फार अपराधी वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणातलं गवत उपटून काढलं. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी मी खाली उतरत होते. माळ्याची शिडी खाली आलेली होती आणि बाई पाचव्या पायरीवर बसल्या होत्या. सगळ्या अंगाला धूळ. मांडीवर पाठकोऱ्या कागदांची, कडा कुरतडलेली एक वही. नाना खालच्या पायरीवर येऊन उभे राहिले. बाईंनी वही उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "त्याला वाचून दाखव."

विशीतल्या मुलीचं सरळ, टोकदार अक्षर होतं. पाय मुरगळला. घळीत वर गेले नाही. पाटाचं तोंड गुराख्याने सांगितलं तिथे दाखवलं आहे. ऐकीव. पुढच्या उन्हाळ्यात चालून पाहणे.

"आणि पुढच्या उन्हाळ्यात?" मी विचारलं.

"पुढच्या उन्हाळ्यात तोवर नकाशा सुंदर दिसायला लागला होता." त्यांनी चष्मा काढला, मग डोक्यावरचाही काढला. "वरचं पाणी मिळावं म्हणून गुराख्याला त्या लोकांचा पाट खालीच हवा होता, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. मी सगळ्या आयर्लंडला सांगत फिरले, जिथे चालला नाहीत ते काढू नका. पत्र आलं तेव्हाही शंका आली होती. तरी लिहिलं, खात्री आहे."

नानांना मी सांगितलं. नाना पायरीवर टेकले. मग म्हणाले की त्यांनीही एकदा आपल्या साडूच्या सांगण्यावरून वरच्या शेताला पाणी पोचलंय असं धरून पाट बंद केला होता. स्वतः बघायला गेले नाहीत. त्या माणसाचा कांदा जळाला. त्यानंतर त्यांनी कधी कुणाचं ऐकून पाट बंद केला नाही. मला ही गोष्ट नवीन होती. घरी ती कधी निघाली नव्हती.

"आणि त्या माणसाने काय केलं?" बाईंनी विचारलं.

"त्याच्या अंगणात जाऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझं चुकलं. त्याने आधी शिव्या दिल्या. मग पाणी दिलं प्यायला."

बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि वस्तीला पत्र लिहायला बसल्या. लिहिताना त्या मोठ्याने शिव्या देत होत्या, स्वतःलाच.

जुलैच्या सुनावणीत बाईंनी ऑनलाइन साक्ष द्यायची ठरली. नानांनी तोवर मुक्काम वाढवला. तिकडे सकाळचे नऊ, आमच्याकडे संध्याकाळचे पाच. स्वयंपाकघरात लॅपटॉप मी लावला. बाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्याखाली घरातली पायजम्याची विजार. नाना कॅमेऱ्यात न येता समोर बसले होते, सूटचा कोट घालून. कशाला, विचारलं तर म्हणाले, "सुनावणी आहे ना?"

बरोबर पाचला पावसाने जोर धरला. बाईंच्या स्वयंपाकघराला पत्र्याचं छप्पर. त्यावर असा काही मारा सुरू झाला की बाईंना स्वतःचा आवाज ऐकू येईना. पडद्यावर एका कोरड्या, उन्हाने भरलेल्या खोलीत दहा-बारा माणसं बसली होती. अध्यक्षांनी कानाला हात लावला.

"मॅडम, तो कसला आवाज आहे? तुमच्याकडे एखादं यंत्र चालू आहे का?"

"नाही," बाई ओरडून म्हणाल्या. "आज मंगळवार आहे."

कंपनीच्या वकिलाने नकाशा समोर धरला. हा आपणच काढलाय ना? हो. आपण या ओढ्याच्या जाणकार आहात ना? तशी समजूत आहे. मग पाटाचं तोंड इथे, झऱ्यापाशी, हे आपणच दाखवलंय ना?

"हो," बाई म्हणाल्या. "आणि ते खोटं आहे."

तिकडे सगळ्यांनी माना वर केल्या. बाईंनी वहीचं पान कॅमेऱ्यापुढे धरलं आणि सगळं वाचून दाखवलं. पाय मुरगळल्यापासून 'ऐकीव'पर्यंत. वकील म्हणाला, म्हणजे या बाबतीत आपण चुकलात, मग बाकीचा नकाशा तरी खरा कशावरून? बाईंनी वही खाली ठेवली. "ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बाकीचं मी चालले आहे. हे चालले नव्हते. म्हणून म्हणते, नकाशावर विश्वास ठेवू नका. पाणसळ घेऊन जा. पाणी कोणाचं ऐकून वाहत नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात खांद्यावर वेणी घेतलेली एक मध्यमवयीन बाई होती, पत्र लिहिणारी. ती हसली नाही, रडली नाही. तिने फक्त मान एकदा खाली केली आणि वर केली.

अध्यक्षांनी विचारलं, चूक कोणाच्या लक्षात आली? बाईंनी लॅपटॉप फिरवला. पुढचं मिनिटभर त्या सरकारी समितीने कोट घातलेल्या, कानटोपी चढवलेल्या नानांकडे पाहिलं आणि नानांनी हात जोडून समितीकडे. नाना माझ्याकडे वळून कुजबुजले, "जमीन मोजाले सांग." मी तसं सांगितलं.

समितीने मोजणीची माणसं धाडली. त्यांना घळीत, झुडपांच्या मागे, दगड रचून केलेलं जुनं तोंड सापडलं. निकाल यायला थंडी उजाडली. वरचं पाणी वस्तीच्या पाटाचं ठरलं. कंपनीला पाइप पूर्ण रद्द करावा लागला नाही, पण खाली न्यावा लागला आणि वस्तीचं पाणी देऊन उरेल तेवढंच घ्यायचं असं ठरलं. बाईंना तेही आवडलं नाही. त्या पेंटचे डबे घेऊन जिन्यात बसल्या, तोंड आठव्या पायरीशी नेलं आणि खाली कोपऱ्यात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाशेजारी दुसरं नाव लिहिलं. माझ्या वडिलांचं. स्पेलिंग त्यांनी माझ्याकडून तीनदा तपासून घेतलं. त्यांनी चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडले.

पुढच्या एप्रिलमध्ये वस्तीने वरच्या तोंडातून पाणी सोडायचं ठरवलं आणि बाईंना बोलावलं. त्या पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या, गुडघा कुरकुरत होता. "त्यांना मला शिव्या द्यायच्या असतील," म्हणत त्या बॅग भरत होत्या, "समोरासमोर दिलेल्या बऱ्या." नाना तोवर साक्रीला परतले होते. बाईंची अट होती की पाणी सोडताना पाटकरी फोनवर हवाच. तिकडे सकाळचे सात, मेनूथला दुपारचे तीन, साक्रीला संध्याकाळचे साडेसात. मी मधे बसून दोन्हीकडचे कॉल जोडले.

चित्रात आधी बाईंचा अंगठा दिसला, मग आकाश, मग पाट. वेणीवाली बाई फावडं घेऊन पुढे उभी होती. दोन्ही काठांवर माणसं. तिने दगड बाजूला केले आणि पाणी आलं. पुढे पालापाचोळा आणि फेस ढकलत, मातीत थांबत, वाट विचारल्यासारखं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे त्याच्याबरोबर चालत होते. बाईही चालत होत्या, फोन हलत होता, आणि त्या रडतायत हे श्वासावरून कळत होतं.

"डावाकडे!" साक्रीहून नाना एकदम ओरडले. "डावाकडे फुटी ऱ्हायनं!"

मी मेनूथमधून इंग्रजीत ओरडले, "डावीकडे! काठ फुटतोय डावीकडे!" बाई तिकडे ओरडल्या. वेणीवाली धावली, तिने फावड्याने गवताचं ढेकूळ उपटून भोकावर दाबलं आणि वर पायाने ठोकलं. मग तिने वळून विचारलं, "कोण आहे तो माणूस?"

"तुझ्या कामातला आहे," बाई म्हणाल्या. "लांबून."

वेणीवालीने एक फावडं उचलून बाईंकडे धरलं. "नकाशे पुष्कळ काढलेस. आता गाळ काढ."

बाईंनी पन्नास वर्षांत त्या ओढ्याचं पाणी मोजलं होतं, लिहिलं होतं, रंगवलं होतं. त्या पाटात त्यांनी पाय कधी घातला नव्हता. तो आपला नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांनी फावडं घेतलं. मग फोन तसाच चालू ठेवून त्यांनी तो स्वेटरच्या खिशात टाकला आणि बुटांसकट पाटात उतरल्या. चित्र काळं झालं. नुसता आवाज येत राहिला. फावड्याचा, माणसांच्या बोलण्याचा, मधेच बाईंच्या हसण्याचा, आणि सगळ्याच्या खालून पाण्याचा.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला चार वाजता मीटिंग होती. साक्रीच्या चौकोनात नाना खुर्चीवर पुढे झुकून, कान फोनला लावून बसले होते.

"नाना," मी म्हटलं, "आता काही दिसत नाहीये. ठेवू का फोन?"

"थांब, बेटा," नाना म्हणाले. "शेवटना वावरमा पानी आजून पोचनं नही."